विल्होच्या रायफलीची किंमत

रेइनो कांगासचा शब्द कुपारिला गावात काळ्या दगडावरची रेघ होता. म्हणजे फक्त बंदुकीच्या बाबतीत. एरवी त्याचं कुणी फारसं मनावर घेत नसे. बर्फ कधी पडणार याचा त्याचा अंदाज दरवर्षी चुके, पत्त्यांत तो हटकून हरे, आणि चर्चच्या छपराला कोणता पत्रा घालावा यावर त्यानं जे भाषण ठोकलं होतं त्याची नक्कल लोक अजून करत. पण जुनी रायफल हातात घेऊन त्यानं एकदा "इतके डॉलर" म्हटलं की विषय संपला.

रीत अशी होती. हरणांचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला उघडतो. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी गावचा हॉल भरतो, कॉफी असते, वेलदोडा घातलेला गोड पाव असतो, आणि वर्षभरात जे गेले किंवा ज्यांचे डोळे गेले त्यांच्या बंदुका लांब टेबलावर येतात. रेइनो एकेक उचलतो. आधी दोष सांगतो, सगळे, मोठ्यानं. मग किंमत. घासाघीस करायची नाही. हवी असेल त्यानं हात वर करायचा. आणि सांगणाऱ्यानं स्वतः कधीच घ्यायची नाही, उगाच संशयाला जागा नको. तांब्याच्या खाणीत राबायला फिनलंडहून आलेल्यांची ही पोरं-नातवंडं. खाण केव्हाच बंद पडली. माणसं मिशिगनच्या ह्या थंडगार टोकाला चिकटून राहिली. बोलायला कंजूष, पण बोललेलं पाळायला पक्की.

त्या वर्षी त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी लेम्पी आली. विल्हो राउतिओची बायको. विल्हो वसंतात वारला होता, ऐंशीच्या घरात, झोपेतच. लेम्पी आता घर आवरून ग्रीन बे शहरात मुलीकडे निघाली होती. तिनं घोंगडीत गुंडाळलेली रायफल रेइनोच्या बाकावर ठेवली आणि शेजारी एक कॉफीचा जुना पत्र्याचा डबा.

"घे बाबा तुझा पेशंट," ती म्हणाली. "आणि हे त्याचं औषध. स्क्रू, स्प्रिंगा, काय काय भरलंय देव जाणे. म्हणायचा, मी गेलो की ही रेइनोलाच दाखव, आणि डबा तिच्याबरोबरच जाऊ दे."

"माझ्यावर एवढा विश्वास होता तर जिवंतपणी पत्त्यांत का लुबाडायचा मला?"

"तुला कोण लुबाडत नाही रे?" लेम्पी हसली. "नीट सांग हं शनिवारी. त्याचं नाव चांगलं निघू दे. पैसे काय, आले काय नि गेले काय."

ती गेल्यावर रेइनोनं घोंगडी सोडली. ही रायफल तो ओळखत होता. लिव्हर खाली ओढायची, वर आणायची की पुढची गोळी नळीत. विल्होनं खाणीतल्या पहिल्या पगारांतून घेतलेली, हरणासाठी ह्या रानात हिच्यापेक्षा वेगळं काही लागत नाही. दस्ता हाताच्या तेलानं काळा झालेला, पण कुठं तडा नाही. पोलादावरचा निळा मुलामा जिथं माणूस धरतो तिथंच उडालेला, म्हणजे बंदूक वापरली, टाकून दिली नाही. त्यानं नळीच्या मागच्या बाजूला पांढरा कागद धरून पुढून आत पाहिलं. स्वच्छ. मनातल्या मनात आकडा वर चढत होता. नऊशे. साडेनऊशेसुद्धा.

मग त्याची नजर बाजूच्या स्क्रूंवर गेली आणि आकडा थांबला. स्क्रूंच्या खाचा चेमटल्या होत्या. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून, घाईनं, अंगातला सगळा जोर लावून कुणीतरी ते फिरवले होते. विल्हो तसा माणूस नव्हता. तो कुऱ्हाडीचा दांडासुद्धा दोन दिवस घासत बसायचा.

रेइनोनं चष्मा पुसला आणि घोड्याकडं पाहिलं. घोडा म्हणजे अंगठ्यानं मागं ओढायचा तो, जो पुढं आपटला की बार उडतो. त्याच्या टोकावर अंगठा घसरू नये म्हणून चरे असतात. ह्या रायफलीच्या काळातल्या घोड्यावर सरळ आडवे चरे हवेत. इथं बारीक चौकटी होत्या, भोवती कड असलेल्या. त्या जुन्या, बापजाद्यांच्या काळातल्या. विल्होच्या बापाची तशी एक रायफल होती, नळी फुटलेली, पडवीत पडून असायची.

त्यानं डबा बाकावर उलटा केला. स्क्रू, स्प्रिंगा, वॉशर, आणि तेलकट चिंधीत बांधलेलं काहीतरी जड. चिंधी सोडली तर आत घोडा. सरळ आडव्या चऱ्यांचा, ह्याच रायफलीचा. त्याच्या पायाशी दोन खाचा असतात. एक पूर्ण मागं ओढल्यावरची, आणि एक अर्ध्यावरची. अर्ध्यावर ठेवला की घोडा तिथं अडकून बसतो, चाप दाबला तरी सुटत नाही. भरलेली रायफल घेऊन रानात चालताना तो असाच ठेवायचा. ह्या घोड्याची ती अर्ध्यावरची खाच तुटलेली होती. आणि तुटल्या जागेच्या बाजूला कानस चालवल्याचे ओरखडे होते. चाप हलका लागावा म्हणून कुणीतरी पोलाद घासलं होतं, आणि घासता घासता पातळ करून ठेवलं होतं.

रेइनो खुर्चीवर बसला. त्याला ताउनो आठवला, आणि ताउनोनं तेव्हा शेरीफसमोर, म्हणजे चौकशीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्यासमोर, पुन्हा पुन्हा म्हटलेलं वाक्य. "घोडा अर्ध्यावर होता. मी सांगतोय ना, अर्ध्यावर होता."

ताउनो हा रेइनोचा धाकटा भाऊ. दोघं ऐन तिशीत होते तेव्हाची गोष्ट. हंगामात सगळे रानातल्या लाकडी खोपटात राहायला गेलेले, विल्हो तापानं फणफणलेला, ताउनोच्या बंदुकीची स्प्रिंग गेलेली. विल्हो म्हणाला, माझी ने. दुपारी ताउनो आणि डेनिस ट्रेम्बथ एकामागून एक चालले होते. पडलेलं झाड ओलांडताना ताउनो घसरला, रायफल हातातून सुटली, घोडा ओंडक्यावर आपटला आणि बार उडाला. डेनिस पुढं होता. खोपटापर्यंत आणेस्तोवर तो संपला. त्याचं मूल तेव्हा रांगतसुद्धा नव्हतं.

घोडा पूर्ण ओढून रानात चालणाऱ्याला गावात कुणी माणसांत धरत नाही. ताउनो म्हणत होता अर्ध्यावर होता. रायफल विल्होच्या घरी परत गेली. मग तिसऱ्या दिवशी शेरीफ आला आणि म्हणाला, बंदुकीतलं कुणाला कळतं? लोकांनी रेइनोकडं बोट दाखवलं. विल्होच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, सगळ्यांसमोर रेइनोनं घोडा अर्ध्यावर ठेवला आणि लाकडी हातोडीनं ठोकून पाहिला. जोरात ठोकला, आणखी जोरात ठोकला. हलला नाही. "रायफल चांगली आहे," रेइनो म्हणाला. सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोलणारा माणूस म्हणून त्या दिवसापासून त्याचा शब्द गावात चालू लागला. आणि ताउनो त्या दिवसापासून खोटा ठरला. त्यानं बंदुकीला पुन्हा हात लावला नाही, खोपटावर त्याला कुणी बोलावलं नाही, लग्नाचं ठरत होतं तेही मोडलं.

दुसऱ्या दिवशी रेइनो तो तुटका घोडा खिशात घालून लेम्पीकडं गेला. घरात सगळीकडं खोकी होती. तिनं कॉफी ओतली, त्यानं घोडा बशीशेजारी ठेवला. लेम्पीनं तो पाहिला आणि किटली खाली ठेवली.

"तळ्यात फेकला म्हणाला होता मला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बॅटरी मीच धरली होती. तळघरात. बापाच्या बंदुकीचा काढला, हिला बसवला. हात इतके थरथरत होते त्याचे की स्क्रू सापडेना." ती खाली बसली. "कानस त्यानं उन्हाळ्यातच मारली होती. हलका चाप हवा होता साहेबांना. म्हणाला, लेम्पी, डेनिसला मी मारलं."

"आणि ताउनोला जिवंतपणी मारलं," रेइनो म्हणाला.

"आवाज चढवू नकोस माझ्या घरात." ती मागं हटणारी बाई नव्हती. "तो सांगणार होता. शेरीफ यायच्या आदल्या रात्री मला म्हणाला, रेइनो उघडून बघेल. रेइनोला दिसेलच, दुसऱ्याचा घोडा आहे. दिसलं की मी लगेच कबूल करतो. नुसतं उठून बोलायची हिंमत नव्हती रे त्याची. तू उघडशील म्हणून तो त्या भिंतीला टेकून उभा राहिला. आणि तू काय केलंस? ठोकलीस आणि दिलीस परत."

ते खरं होतं. त्यानं रायफल उघडली नव्हती. मालक समोर उभा असताना, त्यानं स्वतः म्हटल्याशिवाय, त्याच्या बंदुकीचे स्क्रू फिरवायचे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणायचं. गावात असं कुणी करत नसे. विल्हो मित्र होता, आजारातून उठलेला होता, भिंतीला टेकून पांढराफटक उभा होता. रेइनोनं त्याची अब्रू राखली. भावाची राखायचं त्याच्या मनातही आलं नाही. चरे कसे असतात ते तेव्हा त्याला कळत नव्हतं हेही खरं, पण ह्या सबबीनं त्याला काडीचा दिलासा मिळाला नाही. स्क्रू तेव्हाही चेमटलेलेच असणार. ते त्याला दिसले नाहीत, कारण त्यानं बघितलेच नाहीत.

"शनिवारी नुसतं म्हण, घोडा बदललेला आहे," लेम्पी हळू आवाजात म्हणाली. "बदलतात की लोक. किंमत कमी कर, शून्य कर. पण तेवढ्यावर थांब. तो मातीत आहे, रेइनो. मी पुढच्या आठवड्यात जाते. आणि तू सांगितलंस तर तूही बुडशील. शेरीफला 'चांगली आहे' कोण म्हणालं होतं? मी नाही."

घरी परतताना रेइनोला विल्होचा राग आला, लेम्पीचा आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली ती स्वतःची. कारण तिचं म्हणणं त्याला पटू लागलं होतं. घोडा बदललेला आहे. तीन शब्द. खोटं एकही नाही. दोष सांगितला, किंमत सांगितली, रीत पाळली. हॉलमध्ये फार तर कुणी मान हलवेल. ताउनोची सत्तरी उलटली. आता त्याला काय फरक पडतो? शनिवारपर्यंत तो असं स्वतःला समजावत राहिला, आणि दर वेळी "काय फरक पडतो" इथं येऊन त्याला स्वतःची किळस येई.

शनिवारी हॉल गच्च होता. गॉर्डन लाइतालानं दारातच टोमणा मारला, "आले न्यायाधीश! आज कुणाला फाशी?" दोन शॉटगन झाल्या, एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याची रायफल झाली. मग विल्होची. लेम्पी आली नव्हती. रेइनोनं रायफल उचलली, लिव्हर उघडून रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि दोष सांगायला सुरुवात केली.

"स्क्रू खराब केलेत. मुलामा हाताच्या जागी उडालाय. घोडा हिचा नाही."

"मग कुणाचा, हरणाचा?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

इथं थांबता आलं असतं. रेइनो क्षणभर थांबलाही. मग त्यानं खिशातून चिंधी काढली आणि तुटका घोडा टेबलावर ठेवला.

"हा हिचा. अर्ध्यावरची खाच तुटली आहे. कानस मारून पातळ केली होती, आपटल्यावर तुटली. डेनिस ट्रेम्बथ गेला त्या दिवशी तुटली. विल्होनं रात्रीतून दुसरा बसवला, आणि मी तो दुसरा ठोकून शेरीफला सांगितलं की रायफल चांगली आहे. उघडून न बघता सांगितलं. ताउनोनं घोडा अर्ध्यावरच ठेवला होता. तो खरं बोलत होता."

जे म्हातारे होते ते टेबलाकडं बघत राहिले, तरुणांना आधी कळेना आणि मग कळलं. गॉर्डनचा चेहरा लाल झाला. विल्होच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता.

"रेइनो, आम्ही किंमत विचारली," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला खड्ड्यातून ओढून काढायला नाही सांगितलं."

"हीच किंमत आहे. दीडशे."

हात वर आला नाही. त्याऐवजी केव्हिन नावाचा एक मुलाबाळांचा माणूस उभा राहिला, खाली मान घालून, जसा काही अपराध त्याचाच होता. "माझ्या रायफलीची किंमत तुम्हीच गेल्या वर्षी सांगितलेली," तो म्हणाला. "ती उघडून बघितली होती का?"

"बघितली होती."

"नक्की?"

"नक्की," रेइनो म्हणाला, आणि त्याला समजलं की आता ह्या शब्दाला त्या खोलीत काही वजन उरलेलं नाही. केव्हिननं नुसती मान हलवली. बाकीच्या दोन बंदुका टेबलावर तशाच राहिल्या; त्यांची किंमत त्याला कुणी विचारली नाही. लोक दोघातिघांनी बाहेर पडले, आणि दाराशी त्याच्या पाठीवर नेहमीसारखी थाप मारायला एकही थांबला नाही.

दुपारी तो ताउनोकडं गेला. दर शनिवारी जायचाच. भावाभावांचं तेवढं एक टिकून होतं: ताउनोच्या परसात लाकडी न्हाणीघर, आत तापलेल्या दगडांची भट्टी, दोघांनी घामाघूम होईपर्यंत वाफ घ्यायची आणि एकेक बाटली बिअर पिऊन आपापल्या वाटेला लागायचं. बोलणं लाकडाचं, हवेचं, कंबरेचं. ताउनो दारात बर्चची लाकडं फोडत होता. वाळका, उंच, कानानं जरा जड झालेला.

"लवकर आलास," तो म्हणाला. "अजून तापलं नाही."

रेइनोनं तुटका घोडा त्याच्या हातावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, तळघर, बॅटरी, हॉल. ताउनोनं घोडा उलटासुलटा करून पाहिला, तुटल्या जागेवर नख फिरवलं, आणि शर्टाच्या खिशात टाकून दिला. मग उरलेली लाकडं फोडून झाल्यावरच तो आत गेला. दोघं फळीवर बसले.

"डेनिसच्या घरी कुणी आहे का अजून?" ताउनोनं विचारलं.

"पोरगा आहे. शिकागोकडं कुठंतरी. मी पत्ता शोधतो. मी स्वतः जाईन."

"जा." ताउनोनं कपाळावरचा घाम निपटला. "किंमत काय सांगितलीस?"

"दीडशे."

"कमी सांगितलीस. गोळी सरळ मारायची ती."

रेइनो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. "ताउनो, मला वाटेल ते बोल. शिव्या घाल. हात उचललास तरी चालेल."

"विल्होचा मला राग नाही," ताउनो म्हणाला. तो भट्टीकडं बघत होता. "घाबरला तो. मीही घाबरलो असतो. शेरीफ तर परका माणूस. पण तू इथं येऊन बसतोस, ह्याच फळीवर, पोरसवदा होतो तेव्हापासून. लाकडं भरली का, कंबर कशी आहे. त्या दिवसानंतर दर शनिवारी मी वाट बघायचो. वाटायचं, आज विचारेल. हातोडी नको, शेरीफ नको, नुसतं माझ्याकडं बघून विचारेल, ताउनो, घोडा अर्ध्यावर होता का रे? मी हो म्हटलं असतं. तू मान हलवली असतीस. मला गावाचं काही नको होतं."

रेइनोनं तोंडावरचा घाम आणि पाणी दोन्ही पुसलं. मग भावाकडं वळून, शब्द चाचपत, त्यानं विचारलं.

"ताउनो, घोडा अर्ध्यावर होता का रे?"

ताउनोनं पळीभर पाणी दगडांवर ओतलं. वाफ उठली, आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले.

"आता नको विचारूस," तो म्हणाला. "आता तुला माहीत आहे."